एकोणीस कडुलिंबांची गणती

संपादकांचे पत्र आले. नोकरीतला एखादा अनुभव लिहा, शक्यतो गमतीचा. गमतीचे जे आहे ते आधी सांगून टाकतो. रस्त्यांच्या खात्यात राहून मी सायकलवाल्यांसाठी दोन रस्ते बांधले, पहिला लातूरला आणि दुसरा नांदेडला. पहिल्यावर सायकली पंक्चर होत. दुसरा वाकडा आहे.

पुढचे फारसे गमतीचे नाही. पहिल्या रस्त्यापायी एका माणसाचे नाव खराब झाले. ते माझ्यामुळे झाले, आणि ही गोष्ट तीस वर्षे मी कोणाला सांगितली नाही. संपादकांना हे चालणार नसेल तर त्यांनी माझी पाने दुसऱ्या कोणाला द्यावीत. माझी तक्रार नाही.

मी मूळचा कंधारचा. कनिष्ठ अभियंता म्हणून पहिली नेमणूक लातूरला झाली. अभियंता हा शब्द कागदावरचा. लोक आम्हाला ओव्हरशेर म्हणत. लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली होती. जिल्हा नवा, पाट्या नव्या, शिक्के नवे. कचेऱ्या मात्र मिळेल त्या जागेत. एक कचेरी तर सरकीच्या गोदामात होती आणि तिथल्या फायलींना तेलाचा वास येई. मोठ्या साहेबांना जीप होत्या. बाकी सगळा जिल्हा सायकलवर चाले. सकाळी दहाच्या सुमाराला गंजगोलाईच्या बाजाराकडून नव्या कचेऱ्यांकडे काळ्या सायकलींची रांग लागायची. कॅरिअरला डबा, पँटच्या पायाला चिमटा, डोक्याला ओला रुमाल. ओला रुमाल अशासाठी, की पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आला नव्हता आणि हिवाळाही आल्यासारखा करून निघून गेला होता.

आमचे साहेब पुण्याला प्रशिक्षणाला गेले आणि तिथे त्यांनी सायकलींसाठी वेगळा रस्ता पाहिला. परत आल्यावर म्हणाले, "आपल्याकडं पण पाहिजे. नवा जिल्हा आहे." नवा जिल्हा आहे, या वाक्याला त्या काळात उत्तर नव्हते.

रस्ता बांधायच्या आधी वर्दळ मोजावी लागते. एका जागी बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक वाहनामागे तक्त्यात एक रेघ ओढायची. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. कुठे बसायचे हे नियमात लिहिलेले नाही. मी सावलीत बसलो. कचेऱ्यांकडच्या त्या रस्त्याच्या पश्चिमेच्या कडेला कडुलिंबांची ओळ होती, निजामाच्या काळात कोणीतरी लावलेली. त्यातल्या मधल्या झाडाखाली मन्मथअप्पांचे पंक्चरचे दुकान होते. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक पंप, एक घमेले आणि झाडाच्या बुंध्याला ठोकलेला एक मोठा खिळा. खिळ्याला ट्यूबा लटकत. अप्पांनी मला बसायला स्टूल दिले. जानेवारीत, पानगळीच्या आधी, मी तीन दिवस तिथे बसलो.

अप्पा तेव्हा चाळिशीचे असतील. कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. गाव उदगीरच्याही पलीकडचे, कानडी मुलखाला चिकटलेले. चौथीपर्यंत शाळा झाली ती कानडीत. मराठी फडाफडा बोलत. वाचताना एसटीच्या पाटीपुरते वाचत.

पंक्चर काढायला पाणी लागते, हे सहसा लक्षात येत नाही. हवा भरलेली ट्यूब पाण्यातून फिरवायची. बुडबुडा आला की भोक सापडले. दुष्काळात अप्पा घमेल्यातले पाणी बदलत नसत. उडून जाऊ नये म्हणून त्यावर गोणपाट झाकून ठेवत. ते पाणी इतके काळे झाले होते, की त्यात बुडबुडा दिसायचा नाही. मग अप्पांनी पाणी सोडलेच. ट्यूब फुगवून ते ती गालाजवळून हळूहळू फिरवत. बारीक हवा गालाला लागली, की बोट ठेवत.

मुलींच्या शाळेतल्या कुलकर्णी बाई अप्पांच्या रोजच्या गिऱ्हाईक. तिशीच्या होत्या. लेडीज सायकल, पुढच्या टोपलीत वह्या. त्यांनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथेच होतो.

"अप्पा, ट्यूबशी काय कानगोष्टी चालल्यात?"

"इचारून राहिलो बाई, काटा कुठं शिरला मनून."

"मग काय म्हणते?"

"मन्ते, बाईला सांग, वह्या कमी आना. लई वजन होतंय."

बाई हसल्या. त्या रोज पूर्वेच्या कडेने यायच्या आणि अप्पांच्या अलीकडे रस्ता ओलांडून सावलीत शिरायच्या. सगळेच तसे करायचे. कोणाला हवा भरायची असे, कोणाला नुसता घाम पुसायचा असे. ते माझ्या समोर घडत होते आणि मी रेघा ओढत होतो.

तीन दिवसांचा तक्ता साहेबांपुढे ठेवला. पश्चिमेच्या कडेने सायकली कितीतरी जास्त होत्या. साहेब खूश झाले. सायकलवाले पश्चिमेने जातात, तर त्यांचा रस्ता पश्चिमेला. रस्ता पश्चिमेला, तर तिथली झाडे आडवी येतात. ज्या झाडांसाठी लोक त्या कडेला येत होते, ती झाडे काढून तिथे त्यांच्यासाठी रस्ता करायचा असे ठरले. मी वर्दळ मोजली असे मला वाटत होते. मी सावली मोजली होती आणि अप्पांचा पंप मोजला होता.

हे मला तेव्हा कळले नाही असे लिहिले असते तर बरे दिसले असते. निम्मे कळले होते. मी साहेबांना विचारले, "झाडांचं काय करायचं, साहेब?"

"हिरव्या झाडाच्या परवानगीला किती दिवस लागतात?"

"पाच-सहा महिने."

"आज तारीख काय?"

"वीस फेब्रुवारी."

"मार्चअखेरीला काम दिसलं पाहिजे. नाहीतर मंजुरी गेली." साहेब खिडकीशी गेले. "एक तरी पान दिसतंय का तुम्हाला झाडावर?"

"नाही, साहेब."

"मग लिहा की."

वाळलेले झाड काढायला परवानगी लागत नसे, पंचनामा पुरे. आता यात अडचण अशी, की मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. आमच्या बांधावर कडुलिंब होता. कडुलिंब माघ-फाल्गुनात सगळी पाने टाकतो आणि चैत्रात, बाकीची झाडे माना टाकत असताना, हिरवागार होतो. पाडव्याला त्याचाच कोवळा पाला गुळाबरोबर खातात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. पाडवा महिन्यावर आला होता. मी लिहिले: "कडुलिंबाची झाडे एकोणीस, पूर्ण वाळलेली, रहदारीस धोकादायक."

पंचनाम्याला दोन पंच लागतात, त्याच जागेवरचे, प्रतिष्ठित. पहिला पंच कोपऱ्यावरचा चहावाला. तो कशावरही सही करी. एकदा त्याने माझ्या रजेच्या अर्जावर केली होती. दुसरे अप्पा.

"कशाचं हाय साहेब?"

"झाडांची गणती आहे, अप्पा."

मी खोटे बोललो नाही, असे मी पुढे कैक वर्षे स्वतःला सांगत आलो. गणती त्यात होतीच. पहिल्याच ओळीत होती.

अप्पांनी हात पाहिले. हात काळे होते. सरकारी कागदाला डाग नको म्हणून ते उठले, पेटीमागच्या मडक्यातून त्यांनी प्यायचे पाणी तांब्यात घेतले आणि बोटे धुतली. त्या दिवसांत एका मडक्यासाठी त्यांच्या घरची माणसे टँकरपुढे किती वेळ उभी राहत, ते मला माहीत होते. मग धोतराच्या सोग्याला हात पुसून त्यांनी कानडीत सावकाश सही केली.

त्या सहीच्या वरच्या ओळीत एक वाक्य होते, प्रत्येक पंचनाम्याच्या शेवटी असते तेच: "सदर पंचनामा आम्हांस वाचून दाखविला, तो बरोबर आहे." ते वाक्य आम्ही आधीच लिहून नेत असू. खात्यात सगळेच तसे करतात. मी कोणालाही काहीही वाचून दाखवले नव्हते.

मार्चच्या मध्याला झाडे पाडली. वाळलेल्या झाडाचा भुसा कोरडा पडतो. इथे करवतीला ओला लगदा चिकटत होता. पाडणाऱ्यांचा मुकादम करवत पुसत माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, वाळलेलं झाड रडून राहिलंय." शेंड्यांना तांबूस पालवी फुटलेली होती. चार दिवसांनी पाडवा होता. आजूबाजूच्या घरांतले लोक येऊन माझ्या वाळलेल्या झाडांचा कोवळा पाला गुढीसाठी तोडून घेऊन गेले.

अप्पा सकाळी पेटी घेऊन आले तेव्हा त्यांचे झाड अजून उभे होते. ते म्हणाले, "गणती मनले होते न तुमी?"

"वरून हुकूम आला, अप्पा."

त्यांनी पेटीतून पक्कड काढली, बुंध्यातला आपला खिळा हलवून हलवून उपसला, कागदात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. मग ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

कागदावर रस्ता मार्चअखेर पूर्ण झाला. प्रत्यक्षात एप्रिलच्या मध्याला. त्यानंतर जे झाले ते समजायला आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट माहीत असावी लागते. रस्ता सपाट नसतो. पाणी वाहून जावे म्हणून तो मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो. त्यामुळे रस्त्यावरचे सगळेच कडेला येते. पाणी येते, माती येते, काचा येतात. मधला भाग ट्रक आणि एसटीच्या चाकांनी आपोआप झाडला जातो. कडेला कोणी झाडत नाही. आणि सायकलींची जागा आपण कडेला ठेवतो.

त्या उन्हाळ्यात चारा नव्हता. लोक बाभळी छाटून शेळ्यांसाठी गाड्या भरभरून गावात आणत. गाडीतून काटे सांडत आणि सांडलेला प्रत्येक काटा वाऱ्याने, चाकांनी सरकत सरकत माझ्या नव्या रस्त्यावर येऊन थांबे. आधी लोक कडेपासून हातभर आत सायकल चालवत. आता मोठा रस्ता आणि सायकलींचा पट्टा यांच्यामध्ये मी दगडांची रांग लावली होती, त्यामुळे काटे आणि सायकली एकाच पट्ट्यात आल्या. खुद्द आमच्या कचेरीच्या हजेरीपुस्तकात उशिराचे कारण म्हणून इतक्या जणांनी 'पंक्चर' लिहिले, की साहेबांनी तो शब्द लिहायला मनाई केली. मग लोक 'चाकाची अडचण' असे लिहू लागले.

वरून ऊन. मे महिन्यात डांबर पाघळले. कचेरीपुढे स्टँडवर लावलेल्या सायकलींचे स्टँड डांबरात रुतायचे आणि दुपारी दोनच्या सुमाराला पहिली सायकल कलंडली, की तिच्याबरोबर सगळी रांग एकावर एक पडायची. आवाज आला, की कारकून उठायचे, सायकली उभ्या करायचे आणि परत येऊन बसायचे. त्याची पुढे पुढे सवय झाली.

पंक्चर झालेल्यांनी अप्पांकडे जावे, तर अप्पांकडे झाड नव्हते. चार बांबूंवर गोणपाट टाकून ते तिथेच बसले. पण सावली ही त्यांच्या कामाची वस्तू होती, पंप आणि कानस होते तशी. उन्हात ट्यूब मऊ पडते, सोल्युशन पसरण्याआधी सुकते, ठिगळ धरत नाही. माणूस शंभर पावले जाई आणि शिव्या देत परत येई. अप्पा पुन्हा ठिगळ लावत. पुन्हा ते सुटे. एप्रिलअखेर परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा टोपलीत घेऊन कुलकर्णी बाई पंक्चर सायकल ढकलत भर दुपारी शाळेपर्यंत चालत गेल्या आणि शाळेच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. मुलींनी पाणी मारून त्यांना शुद्धीवर आणले. हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

जूनमध्ये शाळा उघडली. मृग कोरडा गेला होता. बाई आमच्या कचेरीत अर्ज घेऊन आल्या, खाली बऱ्याच जणांच्या सह्या. हिरवी झाडे कोणी आणि कशाच्या आधारावर तोडली, एवढेच विचारले होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि पंचनामा मागवला.

"झाडं वाळलेली होती, बाई. आमचं म्हणणं नाही. स्थानिक पंचांचं आहे. हे बघा."

बाईंनी कागद पाहिला. चहावाल्याच्या सहीवरून त्यांची नजर खाली गेली आणि थांबली. शिपाई जाऊन अप्पांना घेऊन आला. ते दारातच उभे राहिले.

"ही सही कोणाची?" साहेबांनी विचारले.

अप्पांनी वाकून पाहिले. "माझीच हाय."

"अप्पा, तुम्ही?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे.

"बाई, साहेब मनले झाडाची गणती हाय." अप्पांनी माझ्याकडे पाहिले. "सांगा की साहेब."

आमचे साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही पंचनामा वाचून दाखवला होता का?"

टेबलावर काच होती आणि काचेखाली जिल्ह्याचा नवा नकाशा. मी नकाशाकडे पाहत म्हणालो, "तसं खाली लिहिलेलं आहे, साहेब."

ते लिहिलेले होतेच. साहेबांनी ते वाक्य मोठ्याने वाचले. बाई उठल्या, अर्ज टेबलावरच ठेवून अप्पांच्या शेजारून दाराबाहेर गेल्या. अप्पांनी साहेबांकडे पाहिले. मग म्हणाले, "जाऊ का?" आणि गेले.

गावात आठ दिवसांत एकच बोलणे झाले: अप्पानं झाड इकलं. कोणी म्हणे ओव्हरशेरकडून पैसे घेतले, कोणी म्हणे लाकूड घेतले. अप्पा सांगत, मला गणती म्हणाले. लोक म्हणत, सही करताना डोळे घरी ठेवले होते का? पुढे त्यांनी सांगणे बंद केले. पोळ्याच्या सुमाराला त्यांनी पेटी उचलली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी लिहिले, 'कामात दिरंगाई करीत नाहीत.' वर्षभरात माझी बदली नांदेडला झाली.

नांदेडला काही वर्षांनी पुन्हा सायकलींच्या रस्त्याची टूम निघाली. काम माझ्याकडे आले, कारण फायलीत मी 'या विषयातील अनुभवी' होतो. या वेळी तक्ता करण्याआधी मी स्वतः वर्षभर सायकलवर कचेरीत गेलो. सहकारी म्हणत, साहेबांची गाडी नादुरुस्त आहे. पावसाळ्यात गोदावरीच्या पुलावर वारा आडवा येतो आणि सायकल आपोआप ट्रकच्या बाजूला सरकते, हे मला तेव्हा कळले. पावसाचे पाणी कडेला साचते आणि त्याखाली खड्डा आहे की नाही ते आत पडल्याशिवाय समजत नाही, हेही कळले, दोनदा. अर्धापूरकडून एक केळीवाला सायकलवर यायचा. दोन्ही बाजूंना घड बांधलेले. मी आखलेल्या पट्ट्यात खांब ठोकल्यावर तो पहिल्याच दिवशी मध्ये अडकला.

"साहेब, हे कुणाच्या मापानं केलंय?"

"सायकलच्या हँडलच्या."

"मंग केळी काय डोक्यावर घिऊ?"

मी खांब काढले. त्या रस्त्यावरही कडुलिंब होते आणि झाडांची फाइल पुन्हा फेब्रुवारीतच आली. मी लिहिले, 'पानगळ चालू, झाडे जिवंत,' आणि रस्ता प्रत्येक झाडाला वळसा घालून नेला. म्हणून तो वाकडा आहे. लोक म्हणतात, ओव्हरशेरने पिऊन आखला. तेव्हापासून प्रत्येक पंचनामा मी पंचांना पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचून दाखवतो. हाताखालचे लोक कंटाळतात. 'साहेबांनी पोथी लावली' म्हणतात.

हे सगळे मी चांगले केले. पण ते नांदेडला केले. लातूरला त्याचा काही उपयोग नव्हता.

लातूरला रेल्वेने पाणी आले त्या वर्षी टँकरच्या रस्त्यांच्या कामासाठी मला तिकडे पाठवले. तेव्हा मी पंचावन्नचा झालो होतो. दुपारी जुना रस्ता पाहायला गेलो. माझा पट्टा शिल्लक आहे; त्यावर भाजीच्या गाड्या, मोटारसायकली आणि विजेची एक डीपी आहे. एका फळवाल्याला विचारले, इथे पूर्वी मन्मथअप्पा बसायचे, ते कुठे असतात? तो माझ्यापेक्षा लहान होता. म्हणाला, "झाड इकलेले अप्पा का? बायपासकडं हाईत." त्या झाडाचा बुडखासुद्धा त्याने पाहिलेला नसेल.

अप्पा पत्र्याच्या टपरीत बसलेले होते. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मोटारसायकलची ट्यूब गालाजवळून फिरवत होते. मी म्हणालो, "अप्पा, ओळखलं का?"

"आवाज वळखीचा हाय."

"मी ओव्हरशेर. झाडांची गणती."

त्यांनी ट्यूब खाली ठेवली नाही. भोकावर बोट धरून म्हणाले, "हाव. बसा."

मी बसलो आणि सगळे सांगितले. मला तेव्हा काय माहीत होते, कागदात काय होते, शेवटचे वाक्य आधीच लिहिलेले होते, साहेबांपुढे मी नकाशाकडे का पाहिले. अप्पा कानशीने ट्यूब घासत राहिले. शेवटी मी म्हणालो, "माझं चुकलं, अप्पा."

"ते मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "मी झाड इकलं न्हाई, हे मला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत हाय. ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगा की."

"कोणाला?"

"बाईला." त्यांनी हातातल्या ठिगळाने मागच्या गल्लीकडे दाखवले. "इथंच ऱ्हात्यात. शाळंतून रिटायर होस्तोवर रोज म्होरून जायच्या. चाकात हवा नसली तरी थांबल्या न्हाईत. हातानं ढकलत म्होरल्या चौकात जायच्या. तितकीच वर्षं मी बघून राहिलो."

मी बाईंच्या फाटकापर्यंत गेलो. आत नळाला पाणी आले होते आणि साठी ओलांडलेल्या बाई घागरी भरत होत्या. तिथे तेव्हा पाणी दहा-दहा दिवसांनी येई. अशा वेळी माणसाला बोलण्यात गुंतवू नये, हे कारण मला सापडले. कारण खरे होते. माझ्याकडे कारणे नेहमी खरीच असतात. मी नांदेडला परत आलो.

म्हणून संपादकांचे पत्र आल्यावर मी हा लेख लिहायला घेतला. हा अंक दिवाळीत लातूरच्या वाचनालयात जातो आणि कुलकर्णी बाई तो दरवर्षी घरी नेतात, हे मी ग्रंथपालांना फोन करून विचारून घेतले आहे. बाई, मन्मथअप्पांनी झाड विकले नाही. त्यांनी पैसे घेतले नाहीत, लाकूड घेतले नाही. त्यांना मी खोटे सांगून सही घेतली आणि तुमच्यासमोर ते खरे बोलत असताना मी गप्प राहिलो. तुमच्या अर्जाचे हे उत्तर आहे. उशीर झाला. त्याला कारण नाही.

लेख पुरा झाल्यावर मी तो तसाच पाठवला नाही. एसटीने लातूरला गेलो, अप्पांच्या टपरीत बसलो आणि पहिल्या शब्दापासून वाचून दाखवला. मध्ये दोन गिऱ्हाइके आली. अप्पांनी त्यांनाही थांबवून ठेवले; त्यांनीही ऐकले. वाचून झाल्यावर मी विचारले,

"बरोबर आहे का, अप्पा?"

"एक चुकलं."

"काय?"

"लिंब अठराच होते. नाक्याकडचा शेवटचा करंज होता."

गणती तरी खरी होती, एवढे एकच मी तीस वर्षे धरून ठेवले होते. मी पहिल्या पानावर दुरुस्ती करू लागलो, तर अप्पा म्हणाले, ऱ्हाऊ द्या, लिहिलं व्हतं तसंच ऱ्हाऊ द्या, खाली लिहा. म्हणून मथळा तसाच ठेवला आहे आणि दुरुस्ती इथे लिहिली आहे: कडुलिंब अठरा, करंज एक. सर्व जिवंत.

मग त्यांनी पेन मागितले. उठून बाटलीतले पाणी बोटांवर घेतले, हात पुसले आणि शेवटच्या पानाखाली सही केली. सही कानडीत आहे. छापता आली नाही तरी चालेल. या वेळी वाचून दाखवले होते.